बाबांच्या नावाची पत्रं

विनिपेगची पाटी दिसली तेव्हा कोरिनने चौथ्यांदा विचारलं, "आई, त्याला सांगायचं कधी?"

"रविवारी," आर्लीन म्हणाली. "शंभरदा सांगितलंय तुला."

"शंभरदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा मला पटलेलं नाही."

"तुला पटायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

झालं. आयडाहोतल्या घरापासून तेराशे मैल दोघी बाबांच्या जुन्या लाल ट्रकमध्ये शेजारी शेजारी बसून आल्या होत्या आणि दर दोन-तीनशे मैलांनी हेच भांडण. रविवारपर्यंत थांबायचं म्हणजे परतीचे दोन दिवस हीबरला मधे बसवून खोटं बोलत राहायचं. आणि तो पहिला प्रश्न कुठला विचारणार हे काय कुणी सांगायला हवं होतं? बाबा कुठे आहेत, हाच.

बाबा कुठेच नव्हते. फेब्रुवारीतच गेले होते.

हीबर, कोरिनचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा असताना चर्चच्या मिशनवर, धर्मप्रचाराला, कॅनडात विनिपेगला गेला. त्यांच्यात मुलगे जातातच; जो जात नाही त्याच्याकडे गाव जरा वाकड्या नजरेनं बघतं. दोन वर्षं घरी यायचं नाही. छातीवर नावाची काळी पाटी लावायची, मिशनवरच्याच एका जोडीदार मुलाबरोबर दारोदार फिरायचं, एकटं म्हणून कधी राहायचं नाही. घरी दर सोमवारी एक ई-मेल. फोन वर्षातून दोनदा, एक नाताळला आणि एक मे महिन्यात मदर्स डेला. बाबा गेले ते नेमके या दोन फोनांच्या मधे. मेंदूत रक्तस्राव झाला, चार दिवस इस्पितळात होते. दुसऱ्या दिवशी जरा शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "पोराला अर्ध्यातून बोलावू नका." एवढंच. कळवू नका असं काही ते म्हणाले नव्हते. कोरिन उशाशीच उभी होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण आर्लीनने त्याचा एक अर्थ लावला आणि एकदा लावला तो लावला. पोराला कळलं तर ते धावत येणार, आणि नवऱ्याचा शेवटचा शब्द वाया जाणार!

बिशपला ती बेधडक म्हणाली, "कळवलंय मी त्याला. इथेच राहून काम पुरं करतो म्हणाला. आणि पत्रात कुणी हा विषय काढू नका, त्याचं मन हलतं." असे राहणारे मुलगे असतात, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. अंत्यविधीला, पुढ्यात शवपेटी ठेवलेली असताना, बिशपने हीबरच्या त्यागावर दहा मिनिटं भाषण केलं. बायकांनी डोळे पुसले. कोरिन आपल्या बुटांकडे बघत बसली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

मग राहिल्या बाबांच्या चार ओळी. आईच्या ई-मेलखाली बाबा दर सोमवारी चार ओळी खरडायचे. पाटाचं पाणी, बीटचं पीक, कुत्र्याचे उद्योग. त्या बंद झाल्या की पोरगं विचारणार. "तू लिही," आर्लीन म्हणाली. "तुला बरोबर जमतं त्यांच्यासारखं बोलायला." कोरिनला जमायचं, हेच तर वाईट झालं. आठ महिने तिने वडील होऊन पत्रं लिहिली. मदर्स डेच्या फोनवर आईने सांगितलं, बाबा शेजारच्या आजारी म्हाताऱ्याकडे प्रार्थनेला गेलेत. तेही खपलं.

आणि त्या फोनच्या आधी, एप्रिलमध्ये, ते पत्र आलं. फक्त बाबांना, वेगळं. "बाबा, मला झोप येत नाही. पंधरा दिवस झाले. नदीवरच्या पुलावरून जाताना मी जोडीदाराचा कोट धरून चालतो, का ते त्याला माहीत नाही. तुम्ही ये म्हणालात तर मी येतो. तुम्ही एकदा म्हणा फक्त."

कोरिनने ते आईला वाचून दाखवलं. आर्लीन भांडी घासत होती, ती घासतच राहिली. म्हणाली, "त्यांचा शब्द तुला माहीत आहे. तोच लिही." कोरिनने लिहिलं: "अर्ध्या रानातून नांगर माघारी फिरवायचा नसतो. टॉलमनांच्या घरात तसं कुणी केलेलं नाही. धीर धर, काम पुरं कर." तीन ओळी. लिहून पाठवलं, आणि न्हाणीघरात जाऊन ओकली.

विनिपेगला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी ते पोरगं, दोन वर्षं पुरी करून, समोर उभं होतं. मिशनच्या अध्यक्षांच्या घराच्या पायरीवर, हातात दोन बॅगा. सूट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. आईला मिठी मारली, कोरिनला मारली. मग एकदाच, अगदी ओझरतं, त्याने ट्रककडे बघितलं. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनीच विचारलं, "ब्रदर टॉलमन नाही आले?"

"बीटची काढणी चालू आहे," आर्लीन एका दमात म्हणाली. "ऑक्टोबरात चोवीस तास यंत्रं चालतात, तुम्हाला कल्पना नसेल. पाय निघत नाही हो."

हीबर बॅगेचा पट्टा आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

आणि विचारलंही नाही. तिथून निघाले, सरहद्द ओलांडली, नॉर्थ डाकोटाचे सपाट माळ सुरू झाले. हीबर कुत्र्याबद्दल बोलला. चुलत बहिणीचं लग्न कसं झालं ते विचारलं. जोडीदार किती घोरायचा त्याची नक्कल केली. बाबांचं नाव नाही. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा आर्लीन कोरिनच्या कानाशी कुजबुजली, "बघितलंस? देवच निभावून नेतोय."

कोरिनला मात्र धडकी भरली होती. एप्रिलनंतर हीबरने बाबांना वेगळं पत्र कधी लिहिलंच नव्हतं. "सर्वांना नमस्कार" म्हणून सुरुवात आणि तिथेच शेवट. तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. मूर्ख कुठली, स्वतःलाच ती म्हणाली. सुटलीस म्हणे!

दुपारी जेवायला हमरस्त्याच्या कडेला थांबले. लाकडी टेबलं, बाकी चिटपाखरू नाही, वारा मात्र मी म्हणत होता. आर्लीनने बर्फाच्या पेटीशेजारची ट्रे उचलली. विनिपेगला जिच्याकडे उतरल्या होत्या त्या बाईच्या ओव्हनमध्ये पहाटे भाजून घेतलेले बटाटे होते, चीज आणि मलई घालून, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स. त्यांच्या चर्चच्या बायका हे प्रत्येक मयताच्या घरी नेतात, म्हणून त्यांना मयताचे बटाटेच म्हणतात. हीबरचा जीव त्यांच्यावर. लहानपणापासून आईने ट्रे टेबलावर ठेवली की तो आणि बाबा एका सुरात ओरडायचे.

आईने वरचा कागद काढला. हीबर हसला, आज पहिल्यांदा. आणि एकटाच म्हणाला, "कोण गेलं?"

आर्लीनचा चमचा हवेतच राहिला. "कुणी नाही मेल्या," ती म्हणाली, "खा गुपचूप." आणि त्याच्या ताटलीत तिने इतके बटाटे वाढले की ते कडेने ओघळले.

हीबरने चार घास खाल्ले आणि हात धुवायला उठला, पार पलीकडच्या नळाकडे. आर्लीन लगेच म्हणाली, "जा गं त्याच्याबरोबर. एकटा नको जायला. रविवारी आपल्या भागातल्या चर्चचे अध्यक्ष मोकळा करेपर्यंत तो मिशनवरच आहे, नियम म्हणजे नियम."

म्हणजे आईनेच पाठवलं. कोरिन त्याच्या मागोमाग गेली, आणि नळ चालू असतानाच बोलली, नाहीतर बोललीच नसती.

"हीबर, बाबा नाहीत."

"माहितीये. बीट काढताहेत."

"तसं नाही रे. गेले ते. फेब्रुवारीत, अकरा तारखेला."

नळाचं पाणी वाहत राहिलं. "कुठल्या फेब्रुवारीत?" त्याने विचारलं.

"याच."

"मग पत्रं?"

"मी लिहिली."

"सगळी?"

"फेब्रुवारीनंतरची सगळी."

"एप्रिलचं?"

"तेही मीच." तिला रडायचं नव्हतं, रडायचा तिला काय हक्क होता, पण रडू आलंच. "तू आला असतास तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून लिहिलं मी ते. बाबा तसं कधी म्हणाले नसते हे लिहितानाच माहीत होतं मला. तू मला काय हवं ते बोल."

हीबरने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून तो उभा राहिला. "सहा महिने मी त्यांचं नाव टाकलं होतं," तो म्हणाला. "रोज प्रार्थनेत तुझं नाव घ्यायचो, आईचं घ्यायचो, कुत्र्याचंसुद्धा. त्यांचं गाळायचो. मदर्स डेला ते फोनवर आले नाहीत तर मला बरं वाटलं, कोरिन. आज ट्रकमधून उतरले नाहीत तेव्हाही बरं वाटलं. उतरले असते तर हात पुढे करायचा नाही असं ठरवून बसलो होतो मी."

कोरिनने बाहीने डोळे पुसले.

"खरं काय म्हणाले असते ते?" त्याने विचारलं.

"काही म्हणाले नसते. ट्रक काढला असता."

"तेच तर!" तो एकदम ओरडला. "तुझं उत्तर आल्यावरसुद्धा मी वाट बघत होतो. वाटायचं, लिहायचं म्हणून लिहिलंय, पण येतील. आठवडाभर प्रत्येक लाल गाडीकडे बघत होतो मी."

तिकडे टेबलापाशी आर्लीन ट्रेवर कागद घट्ट बसवत होती. वाऱ्याने तो पुन्हा पुन्हा उडत होता.

"आईला सांगू नकोस मला कळलंय म्हणून," हीबर म्हणाला.

"का रे?"

"तिला रविवारी सांगायचंय ना? सांगू दे रविवारी."

ही दया होती की शिक्षा, कोरिनला कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघूनही कळलं नाही. तो जाऊन ट्रकमध्ये खिडकीशी बसला, आई मधे, कोरिन चाकाशी. वीसेक मैल मागे पडले. मग हीबर अगदी सहज आवाजात म्हणाला, "आई, बाबा कसे आहेत?"

कोरिनने चाक घट्ट धरलं.

"मजेत," आर्लीन म्हणाली. "गुडघा दुखतो म्हणतात, पण ऐकतात का कुणाचं?"

"बीट कसं आलंय?"

"चांगलं आलंय. म्हणतात, दहा वर्षांत असं आलं नव्हतं." आणि ती बोलत सुटली. बाबा सकाळी काय खातात, कुत्र्याला कशा शिव्या घालतात, शेजाऱ्याशी पाण्यावरून परवा कसे भांडले. आठ महिन्यांत ती बाबांबद्दल एवढं कधी बोलली नव्हती. हीबर डोळे मिटून ऐकत होता. मधूनच फक्त "मग?" म्हणायचा.

बराच वेळ असा गेल्यावर तो म्हणाला, "एप्रिलमध्ये मी त्यांना एक पत्र पाठवलं होतं. वाचलं त्यांनी?"

आर्लीन थांबली. समोरचा रस्ता सरळच्या सरळ होता, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती तिकडेच बघत राहिली. कोरिनला वाटलं, संपलं, आता काही सुचायचं नाही हिला.

"वाचलं," आर्लीन म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता, हळू. "दोनदा वाचलं, चष्मा लावून. आणि उठले ते सरळ जॅकेट घालून बाहेर. ट्रक चालू केला होता त्यांनी, हीबर. दिवेसुद्धा लावले होते. मीच जाऊन पुढे उभी राहिले. मीच येऊ दिलं नाही त्यांना. ते उत्तर त्यांचं नव्हतं, माझं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

हीबरने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. छातीवरची काळी पाटी सीटच्या पट्ट्याखाली तिरकी झाली होती, ती सरळ करायला आर्लीनने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"कुठलं जॅकेट?" त्याने विचारलं.

"ते तपकिरी रे. कोपराला फाटलेलं."

ते जॅकेट त्यांच्याच पाठीमागे, सीटच्या मागच्या फटीत, फेब्रुवारीपासून घडी घालून ठेवलेलं होतं. कोरिनला ते माहीत होतं. आर्लीनलाही माहीत होतं.

"मग?" हीबर म्हणाला. "आत आले परत?"

"आले," आर्लीन म्हणाली. "पण उजाडेपर्यंत खुर्चीतच बसून होते. जॅकेट काही काढलं नाही."