क्लबातली रीत

लेनर्ड टॅपस्कॉटला नावं ठेवायला थॉर्नसी गावात कुणी सापडलं नसतं, आणि तीच त्याची खरी पंचाईत होती. बेकरीत रांग असली की हा मागच्याला पुढे जाऊ द्यायचा. मागचाही तसाच सभ्य निघाला की दोघं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत ताटकळायचे आणि तिसराच कुणीतरी पाव घेऊन घरी जायचा. असा माणूस कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहतोय म्हटल्यावर लोकांना आधी हसूच फुटलं.

उभा राहिला तो एनिडसाठी. एनिड त्याची बायको. अर्ध्या गावाला पोहायला तिनं शिकवलं होतं, समुद्राच्या भिंतीआड भरतीच्या पाण्यानं भरणाऱ्या त्या जुन्या तलावात. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय तिचं ऐकेनासा झाला. जमिनीवर हातात काठी, वर लेनर्डचा दंड, तरी पायरी उतरताना जीव मुठीत धरायचा. पण पाण्यात उतरली की तोच पाय मुकाट्यानं हलायचा. रोज सकाळी ती तलावात जायची आणि तेवढा वेळ कुणाच्याही आधाराशिवाय असायची. लेनर्ड काठावर टॉवेल घेऊन उभा राहायचा आणि ती थकून बाहेर आली की फ्लास्कमधला चहा ओतायचा.

हा तलाव बुजवून तिथं गाड्या लावायची जागा करायची, असं कौन्सिलमधल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात होतं. उरलेले निम्मे तलाव ठेवा म्हणत होते. मधे अडलं होतं ते बंदर वॉर्डाच्या एका खुर्चीवर. ती खुर्ची रोझलिंड पेव्हरेल या बाईंना मिळाली तर तलाव बुजणार, हे त्यांनी स्वतःच प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं. बाई तशा रोखठोक. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही म्हणून गाव मरतंय, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी पुढे येईना, तेव्हा एनिडनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, आणि लेनर्डनं अर्ज भरला.

गुरुवारच्या मतदानाचा प्रचार सगळा एनिडनं केला. घरच्या टेबलाशी बसून फोन, पत्रकं, कुणाला गाडी लागेल, कुणाच्या कुत्र्याला घाबरायचं, सगळं तिच्या तोंडपाठ. लेनर्ड दारोदार फिरायचा, पण मत मागायची वेळ आली की लोकांच्या गुलाबाची चौकशी करून परत यायचा.

"मत मागितलंस का?" एनिड विचारायची.

"तसं सुचवलं."

"सुचवलं म्हणजे?"

"म्हटलं, गुरुवारी हवा बरी असेल असं म्हणतात."

"अरे देवा!" एनिड म्हणायची आणि त्या घराला स्वतः फोन लावायची.

आता खरी गोष्ट. थॉर्नसीत हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा एक जुना क्लब आहे. त्या क्लबात निवडणुकीची एक रीत आहे, कुठंही न लिहिलेली. दोघं समोरासमोर उभे राहिले की प्रत्येकानं आपलं मत समोरच्याला द्यायचं. स्वतःला मत देणं म्हणजे बशीतलं शेवटचं सँडविच आपणच उचलणं. लेनर्डच्या वडिलांनी हेच केलं, लेनर्डनंही जन्मभर हेच केलं. दोघांनीही रीत पाळली की बेरीज जिथल्या तिथं राहते, कुणाचं काही बिघडत नाही. पेव्हरेलबाईंचे वडील याच क्लबाचे अध्यक्ष होते, बाईही तिथंच खेळत मोठ्या झालेल्या.

गुरुवारी सकाळी चर्चच्या हॉलमधे मत द्यायला लेनर्ड आणि एनिड गेले, तर दारातच पेव्हरेलबाई भेटल्या. मत देऊन बाहेर पडत होत्या. लेनर्डनं टोपी काढली.

"क्लबातली रीत लक्षात आहे ना?" तो हळूच म्हणाला.

"अर्थात लक्षात आहे," बाई हसून म्हणाल्या.

बस्. एवढ्यावर गडी आत गेला, दोऱ्याला बांधलेली ती बोथट पेन्सिल उचलली आणि आपल्या बायकोचा तलाव बुजवायला निघालेल्या बाईच्या नावापुढे मताची फुली मारून आला! बाहेर येताना चेहऱ्यावर असा भाव, की जणू म्हातारीला रस्ता ओलांडून दिला. एनिडनं त्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. घरी आल्यावर जेवण तसंच टाकून फोनला लागली आणि संध्याकाळी शेजाऱ्याला गाडी काढायला लावून, वाऱ्यापावसात काठी टेकत, टेकडीवरच्या म्हाताऱ्या पॉकॉकला आणायला गेली. पॉकॉकला ऐकू येत नाही, तो कुठल्याच निवडणुकीला बाहेर पडत नाही. एका मतासाठी बायको एवढी का पेटली, हे लेनर्डला कळेना. पॉकॉक घरातल्या सपातांवरच आला आणि मत देऊन गेला.

शुक्रवारी सकाळी खेळाच्या हॉलमधे मोजणी झाली. बॅडमिंटनचं जाळं गुंडाळून टेबलं मांडलेली, बँकेतल्या मुली मतपत्रिकांचे गठ्ठे लावत होत्या. उमेदवारांनी टेबलापलीकडून बघायचं, हात लावायचा नाही. एनिड लेनर्डची प्रतिनिधी म्हणून खुर्ची टाकून अगदी टेबलाशी बसली होती, डोळ्यांत तेल घालून. गठ्ठे इकडचे तिकडचे जवळजवळ सारखेच वाढत होते. लेनर्ड कोपऱ्यात चहाच्या पिंपाशी उभा राहून लोकांना कप भरून देत होता.

निवडणूक अधिकारी गास्क यांनी दोन्ही उमेदवारांना बाजूला बोलावलं. घसा खाकरला.

"टॅपस्कॉट, तुम्ही एका मतानं मागे आहात."

लेनर्डनं हातातला कप जवळच्या टेबलावर ठेवला. एका मतानं!

"परत मोजा," एनिड मागून म्हणाली. तिला उठायला मदत लागते, पण त्या क्षणी ती कशी उठली कुणी पाहिलं नाही.

परत मोजलं. तेवढा वेळ लेनर्ड मनातल्या मनात एकच हिशेब करत राहिला. मी स्वतःला दिलं असतं तर. मग लगेच स्वतःची समजूत घालायचा, की बाईंनीही मला दिलंच असणार, रीत आहे, म्हणजे फिटंफाट. मग आपण हरलो ते सरळ हरलो, त्यात आपला दोष नाही. या विचारानं त्याला जरा धीर यायचा. लगेच एनिडकडे लक्ष जायचं आणि तो धीर कुठल्या कुठं जायचा. ती बोटांवर काही मोजत होती, पुन्हा पुन्हा, कपाळाला आठी घालून.

दुसऱ्या मोजणीतही तेच आलं. गास्क स्टेजवर चढले, आकडे वाचले, पेव्हरेलबाई निवडून आल्याचं जाहीर केलं. कुणीतरी बाईंच्या हातात फुलं दिली. हरलेल्यानं चार शब्द बोलायचे असतात. लेनर्ड बोलला. मोजणाऱ्या मुलींचे आभार मानले, पोलिसाचे मानले, चहावाल्या बाईंचे मानले, पेव्हरेलबाईंचे तर दोनदा मानले. तलावाचं नाव काढायचं राहूनच गेलं.

खाली उतरल्यावर त्याला राहवेना. एनिडच्या खुर्चीशेजारीच बाई उभ्या होत्या, फुलं सांभाळत.

"अभिनंदन," तो म्हणाला. "एक विचारू? राग मानू नका. रीतीप्रमाणे तुम्ही मला..."

"मत?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "छे हो! मी मलाच दिलं. मी निवडून यायला उभी होते, लेनर्ड."

"पण तुम्ही म्हणालात, लक्षात आहे."

"लक्षात आहेच की. पाळीन असं कुठं म्हटलं?" मग बाईंचा चेहरा बदलला. त्या काही दुष्ट नव्हत्या. "अहो, तुम्ही... तुम्ही मला दिलंत? खरंच?"

लेनर्डनं मान खाली घातली. बाईंनी एकदा एनिडकडे पाहिलं, आणि गास्क बोलावतायत असं म्हणून गडबडीनं निघून गेल्या.

लेनर्डला बायकोकडे बघवेना. "एनिड, मला तुला काही सांगायचंय."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"काल सकाळी बाहेर आलास तेव्हापासून. तुझं तोंड बघितलं आणि कळलं. इतकी वर्षं बघतेय ते तोंड." तिनं काठी जवळ ओढली. "म्हणून तर पॉकॉकला आणला ना मी! म्हटलं, यानं एक मत घालवलंय, आपण एक आणू. झाली भरपाई."

"मग?"

"मग काय, चुकलं माझं. तू नुसतं घालवलं नव्हतंस, तिच्या पारड्यात टाकलं होतंस. आपलं एक गेलं, तिचं एक वाढलं. दोन म्हातारे आणायला हवे होते. मघाशी मोजताना लक्षात आलं." तिचा आवाज अगदी सरळ होता. "दोन आणले असते तर बरोबरी होऊन चिठ्ठ्या टाकल्या असत्या. चिठ्ठीत काहीही झालं असतं."

"तू रागावलीस?"

"हो," एनिड म्हणाली. "फार."

तिनं कोट चढवला, एका हातानं, लेनर्डनं पुढे केलेला हात न घेता. दोघं दाराकडे निघाले. हॉलचं दार काचेचं आणि जड, समुद्रावरून वारा आला की सणकन मिटणारं. बाहेर पाच-सहा दगडी पायऱ्या, मग रस्ता, मग भिंत आणि भिंतीपलीकडे तलाव. लेनर्डनं दार उघडून धरलं, एनिड बाहेर आली आणि पहिल्या पायरीशी थांबली. इथं ती नेहमी थांबते. त्याचा दंड येईपर्यंत.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. पेव्हरेलबाई दोन्ही हातांत फुलांचा भारा घेऊन येत होत्या, दार ढकलायला हात मोकळा नाही. लेनर्डनं त्यांना पाहिलं आणि दार तसंच धरून ठेवलं.

"लेनर्ड," एनिड पाठमोरीच म्हणाली. "सोड ते दार."

त्यानं ऐकलं. दार सोडायचं, दोन पावलं टाकायची, बायकोला हात द्यायचा, एवढंच तर होतं. त्याला ते मनापासून करायचंही होतं. पण बाई अगदी दारापाशी आल्या होत्या, आणि आता दार सोडलं असतं तर ते थेट त्यांच्या तोंडावर आपटलं असतं. ते त्याच्याच्यानं झालं नाही.

"आभारी आहे," पेव्हरेलबाई फुलांआडून म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

लेनर्डनं दार सोडलं आणि वळून पाहिलं. एनिड अर्ध्या पायऱ्या उतरून गेली होती. काठी खालच्या पायरीवर, डावा पाय फरफटत, कठड्यालासुद्धा न धरता, एकटी.