मागे बसणारा

एकतीस वर्षं आमचे हे रंगमंचावर मागे बसतात. जपानातल्या कानाझावाच्या नो नाटकघरात, म्हणजे जुनी मुखवट्यांची नाटकं होतात तिथे, पाइनचं झाड रंगवलेल्या भिंतीला लागून, काळ्या किमोनोत, गुडघे मोडून. मुख्य नटाचा पोशाख सरळ करायचा, लागेल ती वस्तू हातात द्यायची, ओळ अडली तर हळूच पुरवायची. आणि नट कोसळलाच, तर त्याला बाजूला नेऊन स्वतः उभं राहायचं आणि तिथूनच पुढे करायचं. काहीही झालं तरी नाटक थांबत नाही. म्हणजे अख्खी भूमिका यांना पाठ हवी, आणि तीही करायला न मिळण्यासाठी.

त्या रविवारी तोयामाहून माझी मोठी बहीण आली होती, हात्सुए. एवढ्या वर्षांत तिनं नो एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. तिनं पिशवी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली, मग परत मांडीवर.

"तुझे कुनिहिको कुठले गं?" तिनं विचारलं.

"ते मागे डावीकडचे."

"ते? जे काहीच करत नाहीत ते?"

मी हातातली कार्यक्रमपत्रिका दुमडली. राग तिचा नव्हता, आणि होताही.

भूमिका म्हातारीची होती. सगळ्यात अवघड. गुरूनं हो म्हटल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. मुरोझाकी गुरुजी यांना सहा वर्षं 'पुढच्या शरदात तू कर' म्हणत होते आणि सहाही शरदांत स्वतःच करत होते. यंदा गुरुजी चौऱ्याऐंशीचे, हे एकोणसाठचे. यांचे गुडघे आता बसूनच संपत आलेत. त्या भूमिकेचे शब्द आमच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा झालेत, की मुळा किसताना माझ्याही ओठांवर येतात.

पडदा उचलला गेला आणि गुरुजी मंचाला जोडलेल्या लांब पुलावरून मुखवटा घालून येऊ लागले. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. त्यांना मंचावर पोचायला इतका वेळ लागला, की माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी पडून पडून ती बोटाएवढी झाली. मला बसवेना. माझं लक्ष मुखवट्याकडे नव्हतंच, गुरुजींच्या घोट्यांकडे होतं. घोटे थरथरत होते.

खरं सांगते, मी वाट बघत होते. गुरुजींनी मरावं असं नाही, देवा. नुसतं मटकन खाली बसावं. चक्कर यावी, दोघांनी धरून आत न्यावं, दवाखान्यात सलाइन लावावं, संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी लापशी प्यावी. आणि इकडे आमच्या यांनी उठावं आणि उरलेलं नाटक ताईसमोर करावं. एवढंच माझं मागणं. स्वतःची लाज वाटत होती आणि मागणं सुटत नव्हतं.

गुरुजी मंचाच्या मधोमध उभे राहिले. म्हातारी आपलं तरुणपण आठवते, ती ओळ आली. ढोलकीवाल्यानं हाक दिली, थाप पडली. गुरुजी बोलले नाहीत.

ओळ मला ठाऊक होती. माझे ओठ हललेसुद्धा. मी यांच्याकडे पाहिलं. हे तसेच, हात मांड्यांवर, नजर समोर. मी श्वास मोजायला लागले. एक. बाजूला बसलेल्या गायकांतला एक जण किंचित हलला. दोन. तीन. सांगू नका, मी मनात म्हणाले, सांगू नका, राहू द्या त्यांना तसंच. चार. मग यांची हनुवटी जराशी हलली आणि मुखवट्याच्या आतून ती ओळ बाहेर आली, इतकी थकलेली आणि खोल, की सगळं नाटकघर श्वास धरून बसलं.

गुरुजींनी नाटक पुरं केलं. आले तसेच पाऊल घासत पडद्याआड गेले.

बाहेर सगळ्यांच्या तोंडी तो विरामच होता. एक गृहस्थ म्हणाले, अशी शांतता धरायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. आमची ताईसुद्धा डोळे पुसत होती. "मला कळलं काही नाही," ती म्हणाली, "पण ती म्हातारी गप्प झाली ना, तेव्हा आपली आई आठवली." टॅक्सी बघते म्हणून ती पुढे गेली.

हे मागच्या दारानं आले. पिशवी माझ्याकडे दिली नाही, नेहमी देतात.

"माझा आवाज तुझ्यापर्यंत आला?" यांनी विचारलं.

"नाही. कुणालाच आला नाही."

यांनी मान हलवली. मग सांगितलं, की आत सगळे एकमेकांना नमस्कार करायला बसले, तेव्हा गुरुजींनी मुखवटा उतरवला आणि यांच्यासमोर दोन्ही हात जमिनीवर टेकले. दुसरा कुणी असता तर घाईनं ओळ फेकली असती, म्हणाले. तू मला थांबू दिलंस, म्हणाले. सगळ्यांसमोर. पुढच्या शरदात म्हातारी तू करायचीस, हेही म्हणाले, आणि या वेळी तारीख सांगितली.

मला हसू फुटणार होतं. पण यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी त्यांना थांबू दिलं, असं नाही," हे म्हणाले. "ओळ माझ्या तोंडात तयार होती. मी दिली नाही. बघत राहिलो, पडतात का. दोन श्वास."

ताई रस्त्यावरून हात करून बोलावत होती. टॅक्सी मिळाली होती. मी चार मोजले होते. मी यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"दोनच होते," मी म्हणाले.