पहिली पळी

या गो, अशा जवळ सरा. तनया, तू खांबाला टेकू नको, चुना लागेल पदराला. पेटीवाला अजून सूर जुळवतो आहे आणि बुवांचा चहा व्हायचा आहे, म्हणजे आपल्याला घटकाभर मोकळीक मिळाली. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. आहे देवाधर्माचीच, पण तिच्यात चिकटपणा फार. यंदापासून सप्त्याच्या चौथ्या दिवसाचं मणगणं तुम्ही मुलींनी रांधायचं ठरलंय ना? मग टोप हातात देण्याआधी ही गोष्ट तुमच्या हवाली करणं माझं काम.

अठ्ठावीस वर्षं ते मणगणं मी रांधलं. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, आणि शेवटी नारळाचा दाट रोस. गुळाचं काम सरळ असतं. फोडला, टाकला, विरघळला. तीनला चूल विझवून, हातपाय धुऊन मी सभामंडपात पुढच्या रांगेत बसलेली असायची, कारण चारला कीर्तन उभं राहायचं आणि मला ते नमनापासून हवं असायचं. कुणाला सोनं आवडतं, कुणाला मासळी. मला कीर्तन. बुवांनी टाळ हातात घेऊन पहिला सूर लावला की चुलीपुढचा सगळा शीण उतरतो. पूर्वरंग चुकला तर रात्रीपर्यंत माझं काही तरी हरवल्यासारखं होतं. हे आधी सांगते, कारण पुढे जे घडलं ते या माझ्या घाईने घडलं.

आपल्या वाड्यावर, याच वस्तीत, तेव्हा उषा राहायची. कोल्हापूरकडची, आजऱ्याजवळच्या गावची. तिचा घोव गणपत गवंडी. हरमलला पर्यटकांसाठी खोल्या बांधायची कामं निघाली तेव्हा आला आणि परबांच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड केलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. अकराही वर्षं उषा सप्त्याला यायची आणि चपला काढतात तिथे, अगदी मागे बसायची. टाळ्या मात्र सगळ्यांपेक्षा जोरात. देवळाच्या स्वयंपाकघरातला ओटा गणपतनेच बांधलाय. संध्याकाळी कामावरून येऊन, हौसेने. पण त्या ओट्यावर भाजीची टोपली ठेवायलासुद्धा उषेला कोणी कधी बोलावलं नव्हतं. कोणी म्हणजे, मीसुद्धा.

त्या वर्षी गणपत देवळाच्या समितीकडे गेला. भावाचं गुऱ्हाळ आहे, चौथ्या दिवसाचं गोड आमच्याकडून होऊ दे, म्हणाला. रघुनाथभाऊ तेव्हा चिटणीस. त्यांचं तोंड वाकडं झालं. बाहेरच्यांचा जिन्नस, कसला असेल, कोणी केला असेल. बाकीच्यांनी समजूत घातली तेव्हा कबूल झाले, पण एका बोलीवर. यंदा बघायचं, आणि नैवेद्यात काही कमीजास्त झालं तर पुन्हा त्यांचं नाव काढायचं नाही. मध्यंतरात सेवेकऱ्यांची यादी माईकवर वाचतात, तुम्हांला ठाऊक आहेच. त्या यादीत आपल्या घराचं नाव ऐकायचं, एवढीच उषेची आस होती.

मला वाटलं, गुळाच्या ढेपा येतील. आला पत्र्याचा डबा. पंधरा किलोची काकवी, उसाचा रस आटवून गूळ व्हायच्या अलीकडे उतरवलेली, तोंडाला डाग देऊन बंद केलेली. गणपतने तो आजऱ्यापासून पेडण्यापर्यंत दोन बस बदलून मांडीवर घेऊन आणला होता. कंडक्टर म्हणाला म्हणे, पोराचं तिकीट काढा.

चौथ्या दिवशी दुपारी उषा नवं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. मी म्हटलं, ये आत, आणि एक लक्षात ठेव, नैवेद्याला जीभ लागता कामा नये. चाखायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. ती मान हलवायची आणि मी पुन्हा सांगायची. तीनदा सांगितलं मी तिला.

डबा उघडेना. खिळा ठोकला, छिन्नी लावली, शेवटी करवतीच्या दातांसारख्या कडा झाल्या तेव्हा तोंड झालं. उषेने डब्याला हळदकुंकू लावलं, एक पितळेची वाटी मागितली आणि पहिली पळीभर काकवी त्या वाटीत काढून वर झाकण ठेवलं.

मी वैतागले. म्हटलं, हे कशाला, आणखी एक भांडं चिकट झालं, घासायला कोण येणार.

ती म्हणाली, "वैनी, आमच्यात डबा फोडला की पयली पळी देवाची. मग बाकीच्याला हात लावायचा." आणि वाटी भिंतीतल्या देवळीत उंच ठेवून दिली. मी काही तरी पुटपुटले. काय ते आता आठवत नाही, पण चांगलं नव्हतं.

मग सुरू झालं. माघातली थंडी, काकवी दगडासारखी बसलेली. डबा कलता करावा तर काही येईना. वाट पाहून सरळ करावा तर तेवढ्यात बदकन एक लोळा यायचा, अर्धा टोपावर बांधलेल्या गाळायच्या फडक्यात आणि अर्धा ओट्यावर. धार तुटायची म्हणून नाही. पळीने तोडावी तर पळीला गुंडाळायची, बोटाने तोडावी तर बोटाला. पळी खाली ठेवली की ओट्याला चिकटायची. डबा ओट्याला चिकटला. माझा पदर डब्याला चिकटला. मोबाईल वाजला म्हणून उचलला, तर तो कानाला चिकटला आणि पलीकडून सुनेने काय विचारलं ते कळण्याआधी मी तिला ओरडले. दाराची कडी चिकट, नळाची तोटी चिकट, चष्मा वर सरकवला तर नाकही चिकट. खिडकीतून मुंग्यांची रांग आली, तीसुद्धा शिस्तीत. उषेने गरम पाण्याची बालदी आणून डबा तिच्यात उभा केला तेव्हा कुठे काकवी जरा वाहती झाली. ती आपली शांतपणे मागून पुसत येत होती, आणि मी पुढे नवं सांडत होते.

इतक्यात बाहेर पेटी वाजली. बुवांनी नमन धरलं. भिंतीपलीकडे माझं कीर्तन सुरू झालं होतं आणि मी इथे काकवीत रुतलेली. डबा पालथा धरून उरलेलं झटकायला गेले, धार मनगटावर आली आणि तिथून कोपराकडे निघाली. घरी आपण काय करतो अशा वेळी? तेच केलं. मनगटावरून बोटापर्यंत सरळ चाटलं. आणि त्याच बोटाने डब्याच्या कडेची काकवी निपटून टोपात सोडली.

गोडी जिभेला कळली तेव्हा बोट टोपात होतं.

उषेचा पुसणारा हात थांबला होता. तिने पाहिलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो आणि पलीकडे बुवा काय सुंदर गात होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भिल्लिणीच्या उष्ट्या बोरांची गोष्ट मलाही ठाऊक आहे. पण तिने देवाला आंबट लागू नये म्हणून चाखलं. मी चाखलं घाईने. ती पळवाट माझ्यासाठी नव्हती.

उषा हळूच म्हणाली, "वैनी, डाळ अजून येगळ्या टोपात हाय. आनि वाटीला तुमचा हात लागलेला न्हाई."

तिने हात धुतले, देवळीतली वाटी काढली, लहान पातेल्यात थोडी डाळ आणि साबुदाणा घेतला. तिने काढून ठेवलेल्या त्या पळीभर काकवीचं, दोन पळ्या रोसाचं मणगणं दुसऱ्या चुलीवर झालं. देवापुरतं. माझे हात उष्टे, म्हणून रोस घालायचं काम तिनेच केलं. रोस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फाटतं, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तरी तिने वेळेवर उतरवलं. मोठ्या टोपातलंही आम्ही रांधून ठेवलं, कारण दोनशे माणसं बाहेर बसलेली होती.

भटजी नैवेद्याची वाटी घेऊन गेले आणि मागोमाग रघुनाथभाऊ आत आले. दोन चुली बघून थबकले. वेगळं कशाला, विचारलं. मी म्हटलं, मोठ्या टोपाला उष्टा हात लागला.

कोणाचा, ते मी बोलले नाही.

त्यांनी उषेकडे पाहिलं. "तरी मी सांगत होतंय," एवढंच म्हणाले. मोठा टोप वाढू नका, मी माईकवर सांगतो आणि यादीतलं नावही खोडतो, म्हणून वळले. उषा ओटा पुसत राहिली. अकरा वर्षं वाट पाहून मिळालेला एक दिवस ती माझ्यासाठी हातातून सोडत होती आणि मी त्या चिकट ओट्याला धरून उभी होते. किती वेळ? बाहेर पूर्वरंग संपून नामाचा गजर सुरू झाला, एवढा वेळ. तेवढा वेळ मी गप्प राहिले, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग गजर थांबला. मध्यंतर. बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, आणि रघुनाथभाऊ यादी घेऊन उठले. मी तशीच बाहेर गेले. कोपरापर्यंत काकवी, केस विस्कटलेले, नाकावर मुंगी. जन्मात माईक धरलेला नव्हता. त्यांच्या हातातून घेतला.

म्हटलं, "मंडळी, मोठ्या टोपातलं मणगणं उष्टं आहे. मी बोट चाटलं आणि तेच टोपात घातलं. उषेने नाही. तिला मी तीनदा बजावलं होतं आणि चुकले मी. देवाला गेला तो नैवेद्य तिने आधी काढून ठेवलेल्या काकवीचा आहे, तो सोवळा आहे. टोपातलं ज्याला चालेल त्याने घ्यावं."

माईक परत द्यायला गेले तर तो हाताला चिकटलेला, सुटेना. रघुनाथभाऊंनी ओढला, मी ओढला. पुढच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. बुवासुद्धा. बुवा म्हणाले, "बाई, आम्ही लोकांना खरं बोलायला सांगत गावोगाव फिरतो. तुमच्या हातचं मला आधी वाढा."

भटजींनी नैवेद्याची वाटी मोठ्या टोपात उलटी केली, प्रसाद झाला तो, आणि वाढप सुरू झालं. घेतलं नाही असं एक पान नव्हतं. रघुनाथभाऊंनी दोनदा घेतलं. मग माईक फडक्याने पुसला, खिशातून यादी काढली आणि वाचलं, "चौथा दिवस, गोड. गणपत आणि उषा, आमच्या वाड्यावरची."

'आमच्या वाड्यावरची' हे कागदावर नव्हतं. मी नंतर बघितला तो कागद.

उत्तररंगाला मी उषेला हाताला धरून पुढे आणलं. तशी ओढायची गरज नव्हती, हात सुटतच नव्हते. दोघी मांडीला मांडी लावून बसलो. टाळी वाजवली की तळवे चिकटायचे आणि सोडवताना चट्कन आवाज यायचा. बुवा आमच्याकडे बघून गालात हसत होते. पूर्वरंग माझा बुडाला तो बुडालाच. पण इतक्या वर्षांत ऐकलेल्या कीर्तनांतलं मला सगळ्यात जवळचं तेच. देवाने मला त्या दिवशी अर्धंच ऐकवलं आणि पोट भरलं.

पुढे गणपतचे गुडघे गेले. परांचीवर चढवेना म्हणून तीन वर्षांमागे ती दोघं आपल्या गावी परतली. उषा आता तिकडच्या सप्त्यात पुढे बसते, फोनवर सांगत होती. दर माघात मात्र पेडण्याच्या स्टँडवर डबा येतो. यंदाचाही आलाय. तिकडे ओट्यावर आहे, खाली आधी कागद घाला म्हणजे चिकटणार नाही. बालदीत गरम पाणी तयार ठेवा. वैतागाल, मला ठाऊक आहे. केसांत जाईल, कानाला लागेल, कीर्तनाचं नमन चुकेल. चुकू दे.

बुवा उठले बघा. चला, पदर सावरा. फक्त एवढं करा माझ्यासाठी. डबा फोडलात की आधी वाटी मागा, पहिली पळी तिच्यात काढा, झाकून देवळीत ठेवा, आणि ठेवताना आमच्या उषेची आठवण काढा.