वस्तऱ्याखालचा होकार

या गल्लीने वर्षानुवर्षं एकाच पक्षाला भरभरून मतं दिली आणि त्या बदल्यात तिला काहीही मिळालं नाही. जिंकणाऱ्याला वाटायचं, ही मतं जातायत कुठे! हरणाऱ्याला वाटायचं, इथे प्रचार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे एक येत नसे आणि दुसरा फिरकत नसे. गटार तुंबलं की शिव्या घालायला मात्र सगळे जमत, आणि जमायची जागा म्हणजे कोपऱ्यावरचं सलून.

यंदा सलूनवाल्याने ठरवलं, बस्स झालं. गल्लीतून थेट मोठ्या हॉस्पिटलला जाणारी बस बंद झाली होती आणि त्याच्या बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागे. आता दोन बस बदला, मधला पादचारी पूल चढा, उतरा. येताना तर तिच्या पायांत त्राणच नसे. नगरसेवकाकडे खेटे घालून सलूनवाल्याच्या चपला झिजल्या. नगरसेवक प्रत्येक वेळी पाठीवर हात ठेवून वहिनींची चौकशी करी आणि बसचं नाव निघालं की फोन कानाला लावी. विरोधात उभ्या राहिलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने मात्र बसचाच मुद्दा धरला होता.

मग काय, सलूनमध्ये दिवसभर प्रचार! गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गालाला फेस लागला, की सलूनवाला वस्तरा गळ्याशी नेऊन विचारायचा, "या वेळी बाईंनाच ना?"

"हं," गिऱ्हाईक म्हणायचं.

"नक्की?"

"हं हं."

किराणावाला हं म्हणाला. प्लंबर हं म्हणाला. समोरचे पेन्शनर काका, ज्यांनी जन्मात दुसऱ्या पक्षाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, तेही हं म्हणाले. सलूनवाला हरखून गेला. घरी जेवताना बायकोला सांगायचा, "अख्खी गल्ली फिरली. पुढच्या महिन्यात बस दारात आली म्हणून समज." ती मान डोलवायची आणि भात पुढे सरकवायची.

निकाल लागला. पहिले पाढे पंचावन्न! उलट गल्लीच्या बूथवर नगरसेवकाला मागच्यापेक्षाही जास्त मतं पडली. ढोल सलूनच्या दारासमोरूनच गेले आणि प्लंबर त्यात सर्वांत पुढे नाचत होता.

सलूनवाल्याचं डोकं फिरलं. पेन्शनर काका दाढीला आले तसा तो म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या तोंडावर होकार दिलात की नाही? याच खुर्चीत!"

"दिला."

"मग?"

"अरे बाबा, गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय भाषण करणार? तू विचारतोस आणि धार लावतोस. मी तर देवाच्या बापालाही मत देईन म्हणालो असतो."

बाकावरचे सगळे खो खो हसले. एकालाही लाज वाटली नाही, याचाच सलूनवाल्याला जास्त संताप आला. याच बाकावर बसून हीच माणसं उद्या गटारावरून बोंबलणार होती. त्याने काकांची दाढी कशीबशी उरकली आणि भरदुपारी शटर खाली ओढलं.

घरी बायको दुसऱ्या दिवसाची पिशवी भरत होती. रिपोर्ट, शाल, पाण्याची बाटली.

"लायकीच नाही या गल्लीची!" तो दारातूनच कडाडला. "तोंडावर एक आणि आत गेले की दुसरं. एकाने, निदान एकाने तरी तुझ्याकडे बघायचं होतं."

तिने पिशवीची चेन लावली. "मीपण त्यालाच दिलं," ती म्हणाली.

"काय?"

"आई गेली तेव्हा पहाटे गाडी घेऊन तोच आला होता. तुम्ही गावाला होता. आणि तुम्हीच रोज सांगत होता, अख्खी गल्ली बाईंकडे गेली म्हणून. म्हटलं, पडतोच आहे बिचारा, आपलं एक मत असू दे त्याला."

सलूनवाला चपलांसकट आत आला. "अगं, बस तुझी होती! मी कोणासाठी गल्ली पालथी घातली?"

"सगळ्यांना विचारलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "मला विचारलंत का एकदा तरी?"

तिला विचारायचं काय, ती आपलीच, असंच तो धरून चालला होता. नगरसेवक गल्लीला धरून चालतो, अगदी तसंच.

त्याने पिशवी उचलून दाराशी ठेवली आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"नेहमीपेक्षा लवकर निघू," ती म्हणाली. "हल्ली मला पुलावर दोनदा बसावं लागतं."

हेही त्याला माहीत नव्हतं.