प्रमोदिनीबाईंनी गाळलेलं कडवं

तालीम रोज मधल्या सुट्टीनंतर होई. लोणावळ्यातल्या त्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई पेटीवर बसत आणि नववीतली हर्षदा आपल्या आईनं रचलेलं गाणं म्हणे. आई म्हणजे बाया, जवळच्या औंढे गावाच्या वरच्या वाडीतली. तिच्या नवऱ्याला, बहिरूला, एका बंगल्याच्या रखवालदारानं मारलं होतं. गुन्हा काय, तर कुंपणातून झऱ्यावर पाण्याला गेला. पाय कायमचा अधू झाला. तक्रार कुणी लिहून घेईना, तेव्हा बायानं गाणं केलं:

डोंगर आमचा, झरा आमचा, कुंपान कुनी घातलं गं?
पान्याला गेला धनी माजा, काठीनं कुनी हानलं गं?

बाईंना गाणं मनापासून आवडलं, म्हणून तर स्नेहसंमेलनासाठी निवडलं. मग कळलं, प्रमुख पाहुणे त्याच बंगल्याचे मालक. शाळेची नवी बाकंही त्यांचीच. विषाची परीक्षा कशाला घ्या, म्हणून बाईंनी हेच कडवं गाळलं. भाताचं, पाखरांचं ठेवलं. चांगली माणसं असंच करतात, आणि वर गोड बोलतात.

"बाई, आईनं ह्येच्यासाटीच तर गानं केलंय," हर्षदा म्हणाली.

"अगं, वेळ कमी आहे ना बाळा."

संमेलनात हर्षदानं पाखरांचं कडवं संपवलं आणि न थांबता गाळलेलं सुरू केलं. पहिली ओळ झाली. दुसरी येण्याआधीच बाईंनी पेटी थांबवली, माईक बंद करायची खूण केली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग सगळा हॉल वाजवू लागला. पाहुणेही हसत हसत वाजवत होते. त्यांना काही कळलंच नव्हतं. पोर तशीच उभी राहिली.

कार्यक्रम संपला तेव्हा बाया शाळेच्या फाटकाशी थांबली होती.

"बाई, आमच्या धन्याला मारनाऱ्याला त्याचा पगार तरी हुता. तुमाला कुनी सांगितलंतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी नाही, पाहुण्यांनी तर नाहीच. बाईंना स्वतःची शरम वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या पुढे झाल्या. "काल मी टाळ्या वाजवून एका मुलीचं तोंड बंद केलं," म्हणाल्या, आणि ते कडवं पेटीशिवाय, अख्खं म्हटलं. तो बंगला कुणाचा, तेही सांगितलं. मुख्याध्यापक खाली बघत राहिले. नववीच्या रांगेत हर्षदा नव्हती. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही.

आता दर रविवारी बाई वाडी चढतात. बहिरू बसायला घोंगडी सरकवतो, बाया चहा ठेवते. हर्षदा उठून आत निघून जाते.