सुक्या मुशीचा डाव

भागूबाईची देवावर श्रद्धा होती, पण भरवसा नव्हता. म्हणून नवस बोलायच्या भानगडीत न पडता तिने नातीच्या बॅगेत सुकी मुशी घातली.

मुशी म्हणजे बारका शार्क, हे रेवदंड्यात कुणाला सांगायला नको. ताजी असते तोवर गुणाची. मीठ लावून वाळवली की मात्र तिचा वास माणसाआधी घरात शिरतो आणि माणूस गेला तरी निघत नाही. भागूबाईला तो वासच हवा होता.

तिचा एकुलता एक विनेश ओमानला, सलालाहच्या बंदरात टगबोटीवर कामाला. तो एकटा गेला तेव्हा ती काही बोलली नव्हती. बापया माणूस पाण्यावर जायचाच. पण यंदा होळीनंतर तो बायकोला, सुचिताला, आणि पोरीला, कल्पिताला, न्यायला आला. आजीच्या मांडीवर बसून जेवणारी पोर ती! भागूबाईचं डोकंच फिरलं.

"आये, मुसलमानांचा देश हाय म्हणून घाबरतेस काय?" विनेशने विचारलं.

"माझं खेटर घाबरतंय! जलम गेला माजा मोहल्ल्यात मासे विकण्यात. देश कुणाचा का असंना, लांब हाय ना मेल्या!"

तेव्हा पोराने ऐकलं नाही, म्हणून मुशीला कामाला लावलं. पिशवीत पिशवी, वरून चिकटपट्टी, आणि तो गठ्ठा कल्पिताच्या फ्रॉकांच्या तळाशी. सुचिता साधी. घरचं दिसलं की शिजवणार. एसीची बंद इमारत, वास जाणार कुठे? शेजारी बोंब मारतील, घरमालकीण सामान रस्त्यावर टाकील, आणि पावसाच्या आत नात घरी.

"शोभतं काय गो तुला?" बाजारात शेजारी बसणारी कोकिळा म्हणाली. "पोराचा संसार मोडायला निघालीस?"

"मोडत न्हाय, परत आणते. तू तुझी कोलंबी सोल."

मग भागूबाई फोनची वाट बघत बसली. फोन यायचे, पण भलतेच. सुचिता ओढणी घेऊन एकटी बाजारात जाते. शाळेची बस दारात येते. रस्त्याच्या कडेला केळ्यांचे घड आणि शहाळी टांगलेली असतात. हे ऐकून तर भागूबाई चिडलीच. वाळवंट आहे म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि तिथे मेले नारळ निघाले! एकदा कल्पिताने आजीशी बोलता बोलता मध्येच पळ काढला, कुणी मैत्रीण आली म्हणून. त्या दिवशी भागूबाई जेवली नाही. पोरगी आपल्याला विसरणार, हे तिला स्वच्छ दिसायला लागलं, आणि त्याचं तिला भयंकर दुःख झालं.

अखेर एका शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. भागूबाई अंगणात नवी मुशी उन्हाला घालत होती, कोकिळा मीठ चोळत होती. पडद्यावर विनेश, तोंड पडलेलं.

"आये, मुशी तू घातलीस?"

"कसली मुशी?"

"आज बॅगेच्या तळाशी गठ्ठा गावला, सुचितानं कालवण केलं. सगळा जिना घमघमला. मालकीण खालीच राहते. तुफूल नाव तिचं, म्हातारी हाय. काठी घेऊन वर आली, दार ठोकलं, नि तडक स्वयंपाकघरात शिरली!"

भागूबाईने पदर तोंडावर धरला, हसू दिसू नये म्हणून. "मग? काढलं तुम्हाला बाहेर?"

"बाहेर कसलं! झाकण काढलं नि जेवायलाच बसली. अजून उठली न्हाय."

फोन फिरला. काळ्या ओढणीतली एक सुरकुतलेली बाई भात कालवत होती, आणि तिच्या मांडीवर कल्पिता. मांडीवर!

"तुम अम्मा?" म्हातारी हिंदीत म्हणाली. भागूबाईची हिंदी भाऊच्या धक्क्यावरची, तिची कुठली कोण जाणे, पण दोन्ही सारख्याच लंगड्या निघाल्या.

"हां. मच्छी मेरा हय," भागूबाई गुरकावली. "बास नहीं आया तुमको?"

"आया. नीचे तक आया. मेरा अम्मा का घर का बास." म्हातारीने मधला काटा बाजूला काढला, कल्पिताला घास भरवला आणि फोनजवळ तोंड आणलं. "मेरा शादी हुआ, तब मेरा अम्मा भी मेरा गठरी में यही मच्छी डाला. छुपा के."

"काय को?"

"ससुराल वाला बास से पागल होगा, लड़की वापस भेजेगा." म्हातारी दात नसलेलं हसू हसली. "तुम भी इसलिए डाला ना?"

"आये!" विनेश मागून ओरडला. कोकिळेचा मिठाचा हात हवेतच थांबला. भागूबाईला वाटलं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं. पण धरणीवरही तिचा भरवसा नव्हता.

"फिर? भेजा वापस?" तिने हळूच विचारलं.

"कहां! सब लोग खा गया."

यावर भागूबाईला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेचना. इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते सगळं आलं. "आजी रडते," कल्पिता ओरडली, "आजी, रडू नको ना, मी मुशी खाल्ली!"

नाक पुसून भागूबाईने विचारलं, "फिर तुम्हारा अम्मा क्या किया?"

"अम्मा? उधर एक महिना रोया. फिर ऊंट पे बैठा, और मेरे घर आ गया." म्हातारीने बोटं चाटली. "मर गया तब तक वापस नहीं गया."

फोन बंद झाल्यावर भागूबाई कोकिळेकडे सरकली. जन्मात ती अलिबागच्या पुढे गेली असेल तर भाऊच्या धक्क्यापर्यंत.

"कोकिळे, पासपोर्टाला काय लागतं गो?"

"फोटो लागतो. नि फोटो काढताना तोंड बंद ठेवावं लागतं. तुला न्हाय मिळायचा."

भागूबाई उठली, उन्हातली मुशी एकेक करून उलटली आणि वर आणखी थोडं मीठ चोळलं, वाटेत टिकायला हवी म्हणून.