एका जादा शब्दापायी

मी महिपत सरांची छडी बोलतेय. वेताची, तेल पिऊन लवचीक झालेली. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे सर इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. तिथे भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेली असायचे.

सरांना एकच वेड होतं: वाक्यात जादा शब्द नको. तो दिसला की छडी. एका फटक्यात काम भागलं तरी ते चार-पाच हाणायचे. ते जादा त्यांना कधी दिसलं नाही.

सत्त्याऐंशी साली, नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या निघाल्या. कोळीवाड्यातला गोमाजीही गेला. मग वादळ झालं आणि त्याच्या होडीचा पत्ता लागेना. तरी त्याची मुलगी तुळसा शिकवणीला आली. तिने वहीत लिहिलं, माय फादर विल रिटर्न बॅक.

"रिटर्न म्हटलं की बॅक आलंच. खोड ते," सर म्हणाले.

"नाय खोडनार, सर. मानूस दर्यान गेला का आमचे घरान 'परत मागारी ये' असाच बोलतान. अर्धा बोलला तं तो अर्ध्यावरच ऱ्हातो."

"अडाणीपणा नुसता. हात पुढे कर."

सरांनी मला सपासप चालवलं. तळवा आधी लाल झाला, मग फाटला. माझ्या टोकाला रक्त लागलं.

"बापूस आजून दर्यान हाय, सर," ती म्हणाली. सरांनी तिची बोटं धरली आणि सांध्यांवर हाणलं. शेवटी तुळसाने डाव्या हातात पेन घेतलं आणि तो शब्द खोडला.

गोमाजी आला नाही. होडीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

दिवसकार्य झाल्यावर तुळसाची आई मालू शिकवणीत शिरली. तिने मला खिळ्यावरून ओढलं आणि सरांना पाठीवर, खांद्यावर, तोंडावर झोडपलं. चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं.

"अहो बाई, तिचं वाक्य चुकलं होतं," सर हात आडवे धरत म्हणाले.

"चुकला तं चुकला. तुमचा काय जात व्हता?"

तेव्हापासून मी मालूच्या अंगणात आहे. वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलते. होडी वाऱ्याने फोडली, पेनाने नाही, हे मला कळतं. तुळसाला कोण सांगणार? मालूने तिला एकदा विचारलं, बापासाठी तू रडत का नाहीस.

"मीच बुडवला त्याला. मी कशाला रडू?"

तुळसा, मला चुलीत घाल. अंगणातल्या दवाने मी ओलसर झालेय, धूर खूप होईल. डोळ्यांत पाणी आलं तर कोणी काही विचारणार नाही.